कऱ्हाडमधला ऱ आणि अकरा वर्षांचा लॅपटॉप

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, लॅपटॉप २०१४ च्या दिवाळीतला. पतसंस्थेतनं रिटायर झाले तेव्हा ग्रॅच्युइटीच्या पैशातनं त्यांनी स्वतःसाठी घेतलेली ही एकच वस्तू, बाकी सगळे पैसे स्लॅब आणि बहिणीच्या लग्नात गेले. इंटेलचा आय-थ्री प्रोसेसर, फोर्थ जनरेशन, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्डडिस्क, आणि वजन असं की मांडीवर घेतला तर पायाला मुंग्या येतात. यावर ते ज्येष्ठ नागरिक संघाची इतिवृत्तं, अर्ज, जमाखर्च आणि नातेवाइकांच्या लग्नपत्रिकांचे मजकूर टाइप करतात. हो, टाइपच, कारण अण्णा मूळचे टायपिस्ट, मराठी थर्टी-फॉर्टी पास, गोदरेजच्या मशीनवर हात बसलेला.

तर गेल्या वर्षी ऑक्टोबरात त्यांचा फोन आला की स्क्रीनवर काहीतरी निळं आलंय आणि म्हणतंय की तुमचा सपोर्ट संपला. मला आधी वाटलं पेन्शनचं काहीतरी म्हणतायत. मग कळलं, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला त्याची ती पाटी होती. विंडोज ११ या मशीनवर चढत नाही, त्याला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते, आमचं चौथं जनरेशन. एक वर्षाचे जादा सिक्युरिटी अपडेट मिळवायची सोय होती म्हणा, पण मुळात तो लॅपटॉप चालू व्हायलाच चार-साडेचार मिनिटं घेत होता, म्हणजे अण्णा बटण दाबून चहा टाकायला जायचे आणि चहा पिऊन आले तरी ते गोल गोल फिरतच असायचं. अपडेट मिळून तरी काय करायचं होतं.

त्यांनी गावातल्या एका दुकानात दाखवला होता, तिथल्या पोराने न उघडताच सांगितलं की काका याच्यात आता काही राहिलं नाही, नवीन घ्या, ईएमआय करून देतो. यावर माझं डोकं फिरलं. मशीनचा प्रोसेसर ठीक, स्क्रीन ठीक, कीबोर्ड तर आजच्या लॅपटॉपपेक्षा दहापट चांगला, आणि काही राहिलं नाही म्हणे. दिवाळीला आठवडाच होता, म्हटलं हात लावू नका, मी येतोय.

पुण्यातनं निघताना हार्डडिस्कच्या जागी बसवायला २५६ जीबीची साधी अडीच इंची साटा एसएसडी घेतली, साधारण अठराशेला पडली, आणि तपकीर गल्लीत एका ओळखीच्याकडनं जुनी ८ जीबीची रॅम नऊशेला. रॅम घेताना एक बघायचं, या जनरेशनच्या लॅपटॉपला डीडीआर-थ्री-एल लागते, शेवटी एल असलेली, ती १.३५ व्होल्टवर चालते. नुसती डीडीआर-थ्री १.५ व्होल्टची, दिसायला सारखीच, खाचेत बसतेही, पण मशीन उठतच नाही. माझ्या मित्राने हे करून दोन दिवस मदरबोर्ड गेला समजून रडत काढले होते.

कऱ्हाडला पोचलो त्या संध्याकाळी घरात चकल्यांचं तळण चालू होतं. आधी डेटा काढून घ्यायचा, कारण हार्डडिस्कचा मला भरवसा नव्हता, आणि तो संशय बरोबर निघाला. स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते ते, आकडे बघितले तर पेंडिंग सेक्टर शंभराच्या वर. म्हणजे डिस्कला स्वतःलाच तिथलं वाचता येत नाहीये, ती परत परत प्रयत्न करतेय, आणि तेवढा वेळ अख्खी विंडोज तोंडाकडे बघत बसलीये. तशीही ५४०० आरपीएमची डिस्क, तबकडीची एक फेरी ११ मिलिसेकंदांची, आणि विंडोजला सुरू होताना हजारो बारक्या फायली इकडून तिकडून वाचायच्या असतात, प्रत्येकीसाठी तो हेड उठणार, तिथं जाणार, तबकडी फिरून येईपर्यंत थांबणार. तलाठ्याकडे एकेका उताऱ्यासाठी वेगळी खेप घालण्यासारखं. एसएसडीत फिरणारं काही नाहीच, त्यामुळे तो फरक प्रोसेसर बदलण्यापेक्षाही जास्त जाणवतो. जुना लॅपटॉप स्लो झालाय म्हणणाऱ्या दहातल्या आठ जणांचा प्रोसेसर नाही, डिस्क म्हातारी झालेली असते, हे माझं ठाम मत आहे, आकडा माझ्या मनाचा.

साधी कॉपी-पेस्ट वीस टक्क्यांवर जाऊन अडकली. मग डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला केबलने लावली आणि रात्री डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कवरनं डेटा काढायचं सॉफ्टवेअर लावून झोपलो. हे भारी प्रकरण आहे, आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं आणि खराब जागांच्या नादाला नंतर लागतं, आणि कुठंवर आलो याची नोंद ठेवतं, त्यामुळे मधेच लाइट गेली तरी पहिल्यापासून सुरुवात नाही. सकाळी बघितलं तर सगळं आलं होतं, दोन लग्नपत्रिका आणि भाच्याच्या बारशाचे काही फोटो सोडून. आईला फोटोंचं सांगितलं नाही अजून.

डिस्क काढायची म्हणजे लॅपटॉप उघडणं आलंच, त्याचं सांगतो. त्याची बॅटरी बाहेरनं निघणारी होती, ती कधीच मेलेली, पण तरी आधी ती काढली, चार्जर काढला आणि पॉवरचं बटण वीसएक सेकंद दाबून धरलं म्हणजे आत उरलंसुरलं करंट निघून जातं. मागचे स्क्रू तीन वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि लांब स्क्रू आखूडच्या जागी घातला तर वरच्या पॅनेलला आतनं टेंगूळ येतं, हे मी पूर्वी स्वतःच्या मशीनवर शिकलोय. म्हणून आईचं इडलीपात्र घेतलं, एका साच्यात मागचे, एकात डीव्हीडी ड्राइव्हखालचे, एकात रबरी पायांखाली लपलेले, असं क्रमाने. आई म्हणाली ते आधी घासून दे मग काय ते कर. झाकण सोडवायला जुनं एटीएम कार्ड, लोखंडी काही घालायचं नाही, कडा चेपतात.

आत काय होतं! पंखा आणि हीटसिंकच्या जाळीच्या मधे धुळीचा अक्षरशः गालिचा, राखाडी, उचलला तर अख्खा एका तुकड्यात आला. अकरा वर्षांची धूळ, त्यात देवघर शेजारीच त्यामुळे उदबत्तीची काजळी, आणि वरनं तळणाचा तेलकटपणा, सगळं मिळून जमलेलं. अण्णांनी तो तुकडा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "एवढं सगळं आत गेलं आणि मशीन बिचारं बोललं नाही." बोलत होतं अण्णा, तो पंखा दोन वर्षं बोंबलत होता. रंगाचा कोरा ब्रश घेऊन साफ केलं, प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट सुकून खडूसारखी झालेली, ती पुसून नवी लावली, मुगाच्या दाण्याएवढी, जास्त नाही.

इथं एक बाजूचं. या जुन्या मशीनला खाली एक छोटं झाकण आहे, दोन स्क्रू काढले की रॅम समोर. माझ्या ऑफिसच्या नव्या बारीक लॅपटॉपात रॅम बोर्डावरच सोल्डर केलीये, वाढवायची सोयच ठेवलेली नाही, बॅटरी आत कोंबलेली. दिसायला देखणा आहे, पण अकरा वर्षांनी कुणी इडलीपात्र घेऊन त्याच्यासमोर बसेल असं वाटत नाही.

एसएसडी बसवली, रॅम घातली, बंद केलं. एकूण तासाभराचं काम. मग विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, त्यातलं एक्सएफसीई वालं, कारण ते हलकं. पेन ड्राइव्ह आधीच करून आणला होता. इन्स्टॉल वीस मिनिटांत झालं आणि बटण दाबल्यापासून डेस्कटॉप यायला पंचवीस सेकंद लागले, अण्णांनी घड्याळ लावून बघितलं. फक्त वायफाय दिसेना. आत ब्रॉडकॉमची चिप होती, तिचा ड्रायव्हर मिंटमधे वेगळा टाकावा लागतो, आणि तो घ्यायला नेट पाहिजे, आणि नेटसाठी वायफाय पाहिजे. अशा वेळी फोन यूएसबीने जोडायचा आणि यूएसबी टेदरिंग चालू करायचं, फोनचं नेट थेट मिळतं. ड्रायव्हर मॅनेजर उघडला, ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट, झालं. प्रिंटर तर लावल्या लावल्या ओळखला. दुपारचे दोन वाजले होते, मला वाटलं काम संपलं, आता शंकरपाळ्या खायला मोकळा.

खरं काम तिथनं सुरू झालं.

अण्णांनी जुनं इतिवृत्त उघडलं आणि स्क्रीनभर इंग्रजी कचरा. ते घाबरलेच, सगळं गेलं म्हणाले. गेलं काही नव्हतं. अण्णा आयुष्यभर कृतिदेव फॉन्टमधे टाइप करत आलेत, आणि तो फॉन्ट म्हणजे एक प्रकारचा मुखवटा आहे, फायलीत आत मराठी नसतंच, इंग्रजी अक्षरंच असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी चित्र दाखवतो. मराठी हा शब्द फायलीत ई, जे, के, मग कॅपिटल बी आणि परत स्मॉल एच असा बसलेला असतो. फॉन्ट काढला की मुखवटा गळला. जुन्या डिस्कवरनं फॉन्टची फाइल काढून इथं टाकली आणि लिब्रेऑफिस या वर्डसारख्या प्रोग्रॅममधे सगळं परत दिसायला लागलं. पण म्हटलं आता हे असंच किती दिवस, यातलं काही व्हॉट्सअॅपवर टाकता येत नाही, शोधता येत नाही, तहसीलला ऑनलाइन अर्ज भरताना पेस्ट केलं की तोच कचरा. युनिकोडवर या आता, त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो, फॉन्ट कुठलाही असो.

अण्णा म्हणाले येतो की, पण कळा बदलायच्या नाहीत.

युनिकोडला कीबोर्डची सरकारमान्य मांडणी म्हणजे इन्स्क्रिप्ट, आणि ती खरंच हुशारीने केलेली आहे, स्वर आणि मात्रा बहुतेक डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, अल्पप्राण साध्या कळीवर आणि महाप्राण शिफ्ट धरून, क ला के आणि ख ला शिफ्ट-के. नवीन शिकणाऱ्याला मी तीच सांगेन. पण ज्या माणसाच्या बोटात ४५ वर्षं टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी मुरलीये त्याला ई दाबल्यावर म च्या ऐवजी काना आला तर काय होणार. अण्णा पाच मिनिटं प्रयत्न करून उठले आणि सायकल घेऊन प्रीतिसंगमावर निघून गेले. माझं म्हणणं होतं की बोलून टाइप करा, फोनवर करताच की. त्यावर आईच म्हणाली, "अरे त्यांना बोलायचं नाहीये, टाइप करायचंय."

तेव्हा मी शोधायला बसलो. लिनक्समधे आयबस म्हणून कीबोर्डची मांडणी बदलायचा एक प्रकार आहे आणि त्याला एमसेव्हन्टीनएन नावाचा डेटाबेस जोडता येतो, त्यात भारतीय भाषांच्या ढीगभर मांडण्या आहेत, मराठीत इन्स्क्रिप्ट आहे, फोनेटिक आहे, गमभन आहे, आणि रेमिंग्टनपण आहे! टाकलं. अण्णा परत आले तेव्हा काही न बोलता खुर्ची पुढे केली. त्यांनी बोटं ठेवली आणि जे काही सुरू झालं ते बघण्यासारखं होतं, ती पत्र्यावर पाऊस पडल्यासारखी कीबोर्डची टकटक मी लहानपणी पतसंस्थेच्या ऑफिसात ऐकली होती.

दोन ओळी झाल्या आणि थांबले. "हे काय? माझं कऱ्हाड कुठाय?"

स्क्रीनवर कर्हाड आलं होतं. रफार देऊन. आता बाकी कुणी म्हणेल कराड लिहा ना, एसटीच्या पाटीवरपण कराडच असतं. पण अण्णा कऱ्हाडच लिहितात, आणि रफारवालं कर्हाड त्यांना चालणार नव्हतं, आणि चालू पण नये, दर्या आणि दऱ्या यात फरक आहेच की. युनिकोडमधे त्याची रीत अशी की साधा र घ्यायचा नाही, खाली टिंब, म्हणजे नुक्ता असलेला ऱ घ्यायचा, मग पाय मोडायचा आणि पुढे ह किंवा य. इन्स्क्रिप्टमधे ते सरळ आहे, के, मग शिफ्ट-जे, डी, यू, म्हणजे क, ऱ, हलन्त, ह. पण या रेमिंग्टनच्या मांडणीत तो ऱ मला कुठल्याच कळीवर सापडेना, आणि शिवाय दोन-तीन कळा अण्णांच्या बोटांपेक्षा वेगळ्या जागी, म्हणजे रेमिंग्टनच्याही पोटजाती आहेत हे नवीनच कळलं.

आणि इथं मला या सगळ्या उपद्व्यापातली सगळ्यात आवडलेली गोष्ट सापडली. ती मांडणी म्हणजे एक साधी टेक्स्ट फाइल आहे. उघडली की दिसतं, कंसात आधी इंग्रजी कळ, पुढे मराठी अक्षर, पुढची ओळ, पुढची कळ. बस. कुणाची परवानगी नाही, कुठलं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं नाही. मूळ फाइलीची कॉपी केली, नाव बदललं, घरच्या फोल्डरमधल्या एका लपलेल्या फोल्डरात टाकली आणि अण्णांना शेजारी बसवलं. ते सांगायचे ही कळ इथं, ती तिथं, मी बदलत जायचो. ऱ ला पाय मोडून एकच्या डावीकडच्या कळीवर बसवला, टॅबच्या वर, तिचं मराठीत काही काम नसतंच. सेव्ह केलं, आयबस रीस्टार्ट केलं, आणि यादीतनं अख्खी मांडणीच गायब. अर्धा तास गेला शोधण्यात. एका ओळीचा शेवटचा कंस लिहायचा राहिला होता. तोही अण्णांनीच पकडला, त्यांना लिस्प ही कंसांची प्रोग्रॅमिंगची भाषा वगैरे काही माहीत नाही, पण मुद्रितशोधन आयुष्यभर केलंय, म्हणाले या ओळीचं तोंड उघडं राहिलंय बघ.

मग आलं कऱ्हाड. एका दमात, त्यांच्या बोटांनी. त्यांनी ते सात-आठ वेळा टाइप केलं, मग तऱ्हा, दऱ्या, वऱ्हाड, कुऱ्हाड.

वाटलं संपलं, पण प्रिंट काढल्यावर म्हणतात ल हिंदी आलाय. खरंच होतं, ल ला उभी काठी, आपला पाकळीवाला नव्हे, आणि श पण देठाचा नव्हता. मला आयुष्यात कधी हे दिसलं नव्हतं, आता सगळीकडे तेच दिसतं, बँकेच्या मेसेजमधे, जाहिरातीत, मेट्रोत. २००९ च्या शासन निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असं लिहून दिलेलं आहे हे अण्णांना पाठ. मी म्हटलं आता फॉन्ट बदलावा लागणार, पण त्याचीही गरज पडली नाही. लिब्रेऑफिसमधे मजकुराची भाषा हिंदी लागली होती, ती मराठी केली आणि त्याच नोटो फॉन्टमधला प्रत्येक ल डोळ्यादेखत पाकळ्या उघडून बसला. फॉन्टमधे दोन्ही आकार आधीपासूनच असतात, तुम्ही कुठली भाषा सांगता त्यावर तो आकार निवडतो. हे ज्याने कुणी फॉन्टमधे घालून ठेवलं त्याला आमच्या घरच्या दोन चकल्या.

सगळंच गोड नाहीये, तेही सांगतो. संघाचे खजिनदार टॅली वापरतात, ते विंडोजवरच चालतं, त्यामुळे ते पेन ड्राइव्हवर काही देतील ते इथं उघडत नाही, पीडीएफ मागावी लागते. झाकण बंद करून उघडलं की कधीकधी वायफाय परत जोडून घेत नाही, त्यावर अण्णांचा उपाय बंद करून चालू करणे, पंचवीस सेकंदांचाच प्रश्न आहे म्हणतात. आणि मी पुण्यात असताना काही अडलं तर गावात लिनक्स बघणारं कुणी नाही, हा खरा तोटा, त्यामुळे तुमच्या घरचा माणूस फोनवर शांतपणे "वरती डाव्या कोपऱ्यात काय दिसतंय" असं पाच वेळा विचारू शकणार नसेल तर या भानगडीत पडू नका.

राहिली जुनी इतिवृत्तं. कृतिदेवचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण पहिली वेलांटी टाइपरायटरवर अक्षराच्या आधी मारायची आणि रफार नंतर, आणि युनिकोडमधे बरोबर उलटं, त्यामुळे जोडाक्षर आलं की वेलांटी शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसते, आणि मधे एखादा खरा इंग्रजी शब्द असेल तर त्याचंही मराठी भजं होतं. अण्णांनी दोन पानं तशी करून बघितली, तपासायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात नवीन टाइप झालं असतं म्हणाले. आता रोज सकाळी पेपर वाचून झाला की एक सभा. जुनं डावीकडे, नवं उजवीकडे. परवा २०१६ च्या मार्चपर्यंत पोचले होते आणि मला ऑफिसच्या मीटिंगमधे फोन, मी घाबरून बाहेर जाऊन उचलला, तर म्हणाले, "अरे, कट्ट्यावरच्या पत्र्याचा खर्च आम्ही दोनदा मांडलाय. दहा वर्षं झाली, कुणाच्या लक्षातच आलं नाही."